वल्कल कोणी नेसायचे?

दारव्हा तालुक्यातील एका गावाहून आलेल्या पत्राचा सारांश असा आहे:

‘माझे वय ३९ आहे. तीन वर्षांपूर्वी माझे पती अल्पशा आजाराने गेले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. तेरवीच्या कीर्तनात महाराजांनी सांगितले की देह म्हणजे जुने वस्त्र, ते टाकल्याचे दुःख करू नये. माझ्या मनातून एक प्रश्न तेव्हापासून जात नाही. ते वस्त्र जुने कुठे झाले होते? कापूस वेचणीला जाताना इतर बायांप्रमाणे मीही साडीवर पतीचा फुल बाह्यांचा शर्ट घालते. सासूबाई स्वतः विधवा आहेत. त्या म्हणतात की गेलेल्या माणसाचे कपडे अंगावर घातले तर त्याचा जीव अडकून राहतो. आता गजानन महाराजांच्या प्रकट दिनानिमित्त गावात ‘गजानन विजय’ या पोथीचे पारायण आहे. मी फिक्क्या रंगाचे पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन सर्वांच्या मागे बसावे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि शास्त्रात तसेच लिहिले असल्याचे त्या सांगतात. नागपूरला शिकणारी माझी मुलगी म्हणते की आईला मागे बसवणार असाल तर मी येणारच नाही. शास्त्रात कपड्यांविषयी खरोखर काय सांगितले आहे?’

ताई, नमस्कार.

कीर्तनात तुम्हाला ऐकवलेला श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा आहे. माणूस जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा देहात राहणारा जीर्ण शरीरे टाकून दुसऱ्या शरीरांत जातो, असे तो श्लोक सांगतो, आणि ज्ञानेश्वरांनी ‘जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे, मग नूतन वेढिजे’ अशा सोप्या शब्दांत तो आपल्यापर्यंत पोहोचवला आहे. श्लोक खोटा नाही. मात्र तो कोणी, कोणाला आणि कधी सांगितला, हे तेरवीच्या मांडवात सहसा सांगितले जात नाही. युद्ध सुरू होण्यापूर्वी, हातातले धनुष्य गळून पडलेल्या एका जिवंत योद्ध्याला, त्याच्या कर्तव्याविषयी बोलताना तो सांगितलेला आहे. ज्या अर्जुनाने तो साक्षात श्रीकृष्णाच्या तोंडून ऐकला, त्याचाच मुलगा अभिमन्यू युद्धाच्या तेराव्या दिवशी मारला गेला. त्या संध्याकाळी छावणीत परतलेल्या अर्जुनाचा विलाप द्रोणपर्वात सविस्तर आलेला आहे. त्या वेळी श्रीकृष्णाने त्याला शूरांच्या मार्गाची आठवण देऊन धीर दिला. ‘तुला वस्त्राचा दृष्टान्त सांगितला होता, मग आता रडतोस कशाला?’ असे त्याने विचारले नाही. गीता ज्याने ऐकली तो मुलासाठी रडू शकतो, तर तुम्ही पतीसाठी तीन वर्षे रडलात यात ज्ञानाची काही कमतरता नाही.

तुमचा खरा प्रश्न त्याहून बारीक आहे आणि तो महाभारतालाही पडलेला आहे. स्त्रीपर्वात, शंभर पुत्र गमावून बसलेल्या धृतराष्ट्राचे सांत्वन करताना विदुर हाच वस्त्राचा दृष्टान्त पुन्हा घेतो, पण घेताना त्यात एक भर घालतो. माणूस वस्त्र जीर्ण असो की जीर्ण झालेले नसो, ते टाकून दुसरे घेतो, तशीच शरीरांची गत आहे, असे तो म्हणतो. समोर बसलेल्या बापाची मुले म्हातारी होऊन मेलेली नव्हती, हे विदुराला दिसत होते. म्हणून तो तेवढ्यावर थांबत नाही आणि कुंभाराच्या मडक्यांकडे वळतो. एखादे मडके चाकावर असतानाच मोडते, एखादे अर्धवट घडलेले असताना, एखादे चाकावरून उतरवताना, एखादे ओले असताना, एखादे वाळल्यावर, एखादे भट्टीत भाजताना आणि एखादे घरात वापरात असताना फुटते. तुमच्या पतीचे मडके वापरात होते, भरलेले होते आणि फुटले. ते जुने झाले होते असे मानण्याची सक्ती तुमच्यावर शास्त्र करीत नाही. विदुराने तर ती धृतराष्ट्रासारख्या, दोषांनी भरलेल्या बापावरही केली नाही. कीर्तनकार महाराजांना मी दोष देत नाही, कारण तेरवीच्या दिवशी दोन तासांत सर्वांचे समाधान करायचे म्हटल्यावर जो श्लोक पाठ असतो तोच तोंडात येतो. परंतु वस्त्राचा हा दृष्टान्त ज्याने त्याने स्वतःच्या देहाला लावून पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याचे रडणे थांबवण्यासाठी तो वापरला की तुमच्या मनात रुतला तसाच रुतून बसतो.

शर्टाचा प्रश्न याच श्लोकाने सुटतो आणि त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. ज्याने देहाचे वस्त्र सोडले त्याचा जीव त्या देहावर चढवलेल्या सुती शर्टात अडकून राहील, असे मानायचे तर गीतेतला तो श्लोकच बाजूला ठेवावा लागेल. तेरवीला श्लोक मान्य आणि वेचणीला अमान्य, असे करता येणार नाही. सुकलेल्या बोंडाची टोके हातांना ओरबाडतात, म्हणून आपल्याकडे वेचणीला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी शर्ट घालतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, आणि त्या वेळी कोणाच्या धर्माला धक्का लागत नाही. तुम्ही तो शर्ट अवश्य घाला. फक्त तुमच्या पतीने जो शर्ट फवारणीला वापरला असेल तो घालू नका, तो कोणाला देऊही नका. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. बाकीच्या कपड्यांपैकी जे ठेवावेसे वाटतात ते ठेवा, जे दुसऱ्याच्या अंगाला उपयोगी पडतील ते द्या, आणि नदीत मात्र काही सोडू नका. चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव हिंडलेले गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले होते. एखादे धडके वस्त्र पाण्यात सोडण्यात पुण्य असते हे त्यांना कोणी पटवून देऊ शकले नसते.

आता पदराचे आणि फिक्क्या पातळाचे. सासूबाईंच्या म्हणण्याला आधारच नाही असे लिहून मी तुम्हाला खूश करणार नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात विधवेने संयमाने आणि व्रतस्थ राहावे असे सांगितले आहे, तरी तिच्या लुगड्याच्या रंगाचा नियम तिथे नाही. स्कंदपुराणातील काशीखंडात मात्र विधवेने चोळी घालू नये, रंगीत वस्त्र नेसू नये अशा आज्ञा आहेत, आणि केशवपनाचे समर्थनही तिथेच आहे. म्हणजे ‘लिहिलेले’ आहे. परंतु त्याच काशीखंडाच्या आधाराने सासूबाईंनी स्वतःचे केस काढले नाहीत आणि कोणी त्यांना काढायलाही लावले नाहीत, हे गृहीत धरायला हरकत नाही. एका ग्रंथातले एक वाक्य पाळायचे, शेजारचे सोडायचे, असे आपण सारेच करतो. मग कोणते वाक्य धरायचे याचा विचार करण्याचा अधिकार तुम्हालाही आहे.

धरायचेच असेल तर वाल्मीकि रामायण धरा. युद्धकांडात रावणवधानंतर सीतेला रामासमोर आणले जाते, तेव्हा बिभीषणाचे सेवक तिला कोणी पाहू नये म्हणून जमलेल्या वानरांना काठ्यांनी हटवू लागतात. राम संतापून त्यांना थांबवतो आणि म्हणतो की घरे, वस्त्रे, तटबंदी किंवा असले राजेशाही मानपान हे स्त्रीचे आवरण नसते, तिचे वर्तन हेच तिचे आवरण असते. ‘वृत्तमावरणं स्त्रियः’ असे मूळ शब्द आहेत. याच प्रसंगात काही क्षणांनी त्याच सीतेला याच रामाच्या तोंडून काय ऐकावे लागले, ते आपल्याला माहीत आहे, आणि तो भाग मला आजही पचत नाही. तरीही पडद्याविषयीचे ते वाक्य तिथे आहे, आणि सीतेला झाकण्यासाठी लोकांना मागे ढकलणाऱ्यांना त्याने थांबवलेले आहे.

वस्त्राच्या सक्तीविषयी बोलायचे झाले की द्रौपदीचा प्रसंग सगळे सांगतात, म्हणून मी तो सांगत नाही. मला अयोध्याकांडातला, फारसा न सांगितला जाणारा एक प्रसंग तुमच्यापुढे ठेवायचा आहे. वनवासाला निघताना कैकेयी स्वतःच्या हाताने वल्कले, म्हणजे झाडाच्या सालीची वस्त्रे, आणून देते. राम आणि लक्ष्मण अंगावरची तलम वस्त्रे उतरवून ती नेसतात. सीतेच्या हातातही वल्कलांची जोडी दिली जाते. रेशमी वस्त्रात उभी असलेली ती मुलगी एक वल्कल गळ्याशी धरते, दुसरे हातात घेऊन उभी राहते, तिला ते नेसता येत नाही, ती लाजते, आणि डोळ्यांत पाणी आणून रामाला विचारते की वनात राहणारे मुनी हे बांधतात तरी कसे? राम पुढे होऊन तिच्या रेशमी वस्त्रावरूनच ते बांधू लागतो. ते पाहून अंतःपुरातल्या स्त्रिया रडू लागतात. त्या वेळी वसिष्ठ मधे पडतात. सीतेला वल्कल नेसण्यापासून ते थांबवतात आणि कैकेयीला खडसावतात की तू वर मागितलास तो एकट्या रामाच्या वनवासाचा, सीतेने मुनिवेष घ्यावा असे तू मागितलेले नाहीस, तेव्हा ती चांगल्या वस्त्रांत, अलंकारांसह जाईल. सीता वनात जायला तयार होती, दुःख वाटून घ्यायला तयार होती, आणि वल्कल नेसायलाही तिची ना नव्हती. असे असूनही कुलगुरूंनी सांगितले की एकाच्या व्रताचे वस्त्र दुसऱ्याच्या अंगावर चढवायचे नाही. ताई, माझ्या समजुतीने तुमच्या पत्राचे उत्तर या प्रसंगात आहे. शास्त्रात वस्त्र जिथे जिथे अध्यात्माची खूण होते तिथे ते ज्याचे त्याने उचललेले असते. रामाने ते उचलले म्हणून रामाच्या अंगावर ते व्रत ठरले, आणि कैकेयीने सीतेच्या हातात कोंबले तेव्हा तेच वल्कल जुलूम ठरले.

रंगाचेही तसेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षेसाठी जमली, तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रे होती. विदर्भातल्या कित्येक घरांत आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरे पातळ बाहेर निघते. ज्या पांढऱ्या रंगाने त्या मायमाउलींनी मान ताठ केली, तोच पांढरा रंग दुसऱ्या आळीत एखादीला मान खाली घालायला लावतो. कापड एकच, फरक फक्त निवडीचा आहे. बौद्ध भिक्खूंच्या चीवराविषयी, म्हणजे अंगावरच्या वस्त्राविषयी, विनयपिटकात एक सुंदर हकिकत आहे. मगधातली बांध घातलेली भातशेती दाखवून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करायला सांगितले आणि आनंदाने कापडाचे तुकडे जोडून ते शिवले. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला भाताच्या बांध्या माहीत असल्याने ते चीवर डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. मात्र धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात बजावले आहे की मनाचा मळ न काढता जो काषाय वस्त्र पांघरतो तो त्या वस्त्राला पात्र नाही. ही कसोटी पांघरणाऱ्याने स्वतःवर चालवायची आहे. शेजारच्या भिक्खूचे चीवर तपासायला तिथे सांगितलेले नाही. कुराणातही सातव्या सुरेत, अंग झाकणाऱ्या पोशाखाचा उल्लेख करून, ईशभक्तीचा पोशाख हा सर्वांत उत्तम असे म्हटले आहे. तुमच्या गावातल्या मुस्लिम शेजारणीला विचाराल तर तीही हे सांगेल.

आपल्या वारकरी परंपरेत तर जनाबाईने हा पदराचा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असे ती गाते, हातात टाळ, खांद्यावर वीणा घेते, आणि आता मला कोण मना करणार, असे विचारते. एका दासीने सातशे वर्षांपूर्वी हे म्हटले, आणि तिचे अभंग आजही दिंडीत डोक्यावर पदर घेतलेल्या बायाच गातात. त्यांच्यापैकी कोणालाही यात विसंगती वाटत नाही, आणि तशी ती नाहीही. ज्यांना पदर घ्यावासा वाटतो त्यांनी तो प्रेमाने घेतलेला आहे. मागे बसण्याविषयी चोखोबांच्या सोयराबाईंचा शब्द पुरेसा आहे. ज्या चोखोबांचा जन्म परंपरेने बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचा मानला जातो, त्यांच्या या पत्नीने ‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’ असे सुनावले आहे. विधवेची सावली पुढच्या रांगेवर पडू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अभंग एकदा मोठ्याने म्हणून पाहावा.

शास्त्राला ज्या आवरणाची खरी चिंता आहे ते कापडाचे नाहीच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, धुराने अग्नी झाकावा, धुळीने आरसा झाकावा, वारेने गर्भ वेढावा, तसे कामाने ज्ञान झाकले आहे, असे म्हटले आहे. ईशावास्य उपनिषदातला ऋषी सूर्याला विनवतो की सत्याचे तोंड सोन्याच्या पात्राने झाकलेले आहे, ते तू माझ्यासाठी उघड. झाकण सोन्याचे आहे हे तिथे महत्त्वाचे आहे, कारण मळके झाकण माणूस स्वतःच दूर करतो, चकचकीत झाकणाला मात्र तो नमस्कार करीत बसतो. प्रतिष्ठा, घराण्याचे नाव, चार लोकांत दिसण्याची काळजी ही आपल्या गावातली सोन्याची झाकणे आहेत. आणि ज्यांच्या पोथीचे पारायण तुमच्या गावात व्हायचे आहे त्यांचाच विचार करा. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना जे लोकांना दिसले, आणि पुढे बहुतेक काळ ज्यांनी अंगावर वस्त्र ठेवले नाही, त्या दिगंबर महाराजांच्या पोथीसमोर कोणाच्या पातळाचा रंग कोणता असावा यावर घरात अबोला धरला जावा, हे महाराजांना तरी कितपत मानवले असते?

एवढे सारे असले तरी हे पत्र सासूबाईंपुढे वाचून दाखवू नका. तुमचे पती गेले त्या दिवशी त्यांचा मुलगा गेला, हे या वादात कोणी बोलत नाही. ज्या वयात त्यांचे कुंकू गेले त्या वयात त्यांना कोणी विचारले नसेल, आणि मग जे अंगावर आले त्यालाच त्यांनी व्रत मानून निभावून नेले असेल. ते लुगडे निरर्थक होते असे सुनेच्या तोंडून ऐकणे कोणत्याही म्हाताऱ्या बाईला सोसणार नाही. त्यांचे लुगडे आणि त्यांचा पदर त्यांच्याकडे राहू द्या, त्याचा मान ठेवा. तुम्ही आधी त्यांना निवांत वेळी विचारा की त्यांच्या वेळी काय काय झाले होते, आणि त्या सांगतील ते मधे न बोलता ऐका. बहुतेक वेळा ‘शास्त्रात लिहिले आहे’ याच्या आत ‘लोक काय म्हणतील’ ही भीती असते, आणि त्या भीतीशी श्लोक म्हणून वाद घालता येत नाही.

पारायणात काय करावे ते स्पष्ट सांगते. पोथीसमोर बसताना सगळ्यांनीच डोके झाकण्याची, पुरुषांनी टोपी किंवा रुमाल घालण्याची आणि बायांनी पदर घेण्याची तुमच्या गावची रीत असेल, तर तीही पाळा आणि मुलीलाही ओढणी घ्यायला सांगा. सर्वांसाठी असलेला नियम हा त्या जागेचा आदर असतो. फक्त विधवेसाठी असलेला नियम मात्र पाळू नका. पातळ तुम्हाला आवडेल त्या रंगाचे नेसा, आणि जागा मिळेल तिथे, पुढे मिळाली तर पुढे बसा. मुलगी येत नाही म्हणते ती तुमच्यासाठी म्हणते, म्हणून तिला आधी सांगा की आई मागे बसणार नाही, मग ती येते की नाही ते पाहा. पोथीचे २१ अध्याय आहेत, एकदोन अध्याय वाचायला तिला मिळाले तर अधिकच बरे.

गावात कोणी आडवे आले तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले, याची माहिती सरपंचांना द्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल, आणि तो अंगणवाडी सेविकेने किंवा बचत गटाच्या अध्यक्षांनी मांडला तर तुम्हाला एकटीला उभे राहावे लागणार नाही. सासूबाईंनी स्वतःहून विचारलेच की हे कुठे लिहिले आहे, तर तालुक्याच्या ग्रंथालयातून वाल्मीकि रामायणाचे मराठी भाषांतर आणा आणि अयोध्याकांडाचा ३७ वा सर्ग त्यांना वाचून दाखवा. वसिष्ठांचा शब्द त्या माझ्यापेक्षा नक्कीच अधिक मानतील.